सासूबाई हलल्या

तुळजापुरात काढलेले त्या काळचे फोटो बघा. प्रत्येकाच्या कपाळाला भोक पडल्यासारखं दिसतं. कुणी दगड मारलाय असं वाटतं, आणि खाली माणूस मात्र नवी टोपी घालून, छाती काढून बसलेला. ते भोक म्हणजे कुंकू. देवीचं दर्शन झालं की पुजाऱ्यानं फासलेला मळवट घेऊन माणसं तशीच फोटोला यायची, आणि त्या वेळच्या फोटोच्या काचेला लाल रंग कळतच नव्हता. लाल ते तिला काळं. कुंकू आणि काजळ यातला फरक न कळणारी विद्या मी शिकलो, आणि वर तिचा तोराही मिरवला.

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. पोरं म्हणतात, "आबा, बसल्या बसल्या काहीतरी लिहा, मन रमंल." मन रमायला ते काय जत्रेत हरवलेलं पोरगं आहे, पिपाणी दिली की गप बसायला? पण एक गोष्ट आहे. नव्यानं लग्न झालेलं असताना तिला तिच्या आईचं तोंड बघायचं होतं, कागदावर का होईना, आणि ते काम तिनं माझ्यावर टाकलं होतं. ते मी कसं केलं, हे नीट माहीत असणारी दोनच माणसं. त्यातलं एक गेलं. म्हणून लिहितो. शुद्धलेखनाचं मला विचारू नका. माझ्या चार इयत्ता झाल्या, त्याही निजामाच्या शाळेत, उर्दूतून. संस्थान गेलं आणि माझी चारही वर्षं बिनकामाची झाली. ज्या मास्तरानं अलिफ-बे साठी माझे कान पिळले, त्यानंच पुढं नव्या पोरांचे कान मराठीसाठी पिळले. मास्तरांचं काही वाया जात नाही, वाया जातात ते कान.

माझ्या उर्दूला किंमत राहिली ती एकाच ठिकाणी. देवळाच्या वाटेवर आमचं हळदी-कुंकवाचं दुकान होतं, तिथून हाकेच्या अंतरावर एक फोटोवाले बसायचे. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. हैदराबादेकडचे मुसलमान, पन्नाशीचे, अंगात शेरवानी. शेरवानीची बटणं खालची तीनच उरली होती, पण मान अशी ताठ की वरचीही लावली आहेत असं बघणाऱ्याला वाटावं. हैदराबादेत आपण मोठ्या मोठ्या हवेल्यांतून फोटो काढले असं ते सांगायचे. मग इथं धर्मशाळेच्या बोळात कसे आलात असं कुणी विचारलं, की उस्ताद पान लावायला घ्यायचे. ते पान लवकर लागायचं नाही.

त्यांच्या औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उर्दूत होत्या. आधीच्या गड्याला त्या वाचता येत नव्हत्या. त्यानं एकदा ही बाटली समजून ती ओतली आणि एका बाशिंगवाल्या नवरदेवाचं अख्खं वऱ्हाड काळं केलं. म्हणून उस्तादांनी मला ठेवलं. मी वीस-एकवीस वर्षांचा, वडिलांच्या दुकानात कवड्यांच्या माळा ओवून ओवून विटलेला.

पहिले आठ महिने त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. काचा धू, पाणी भर, पडदा झटक, गिऱ्हाइकाच्या पायातली वहाण कॅमेऱ्याच्या वाटेतून उचल. पण बोलता बोलता भाषा शिकवली. इंग्रजी नावं सगळी होती, आणि त्यांच्यावर उस्तादांनी आपली नावं चढवली होती. काचेवर उजेड पाडायचा त्याला ते म्हणत, काचेला उजेड पाजायचा. मग अंधाऱ्या खोलीत लाल कंदिलापुढं पहिल्या औषधात ती काच हलवायची, हळूहळू माणूस वर येतो. ते तिला जागं करणं. मग हायपोच्या पाण्यात घालायचं, म्हणजे आलेला माणूस परत जात नाही, ते बसवणं. मग आंघोळ. पाजणं, जागवणं, बसवणं, आंघोळ. मला वाटायचं मी फोटोवाल्याकडं नाही, बाळंतिणीच्या खोलीत कामाला लागलोय.

काचेवर सगळं उलटं. गोरा काळा, काळा गोरा. आमच्या बोळातला एक काळा कुळकुळीत पेढेवाला आपली काच बघून इतका खूश झाला, की हाच द्या, कागदावर काढूच नका म्हणाला. कुंकवाचं मात्र अवघड काम. सवाष्णीला "कुंकू पुसून बसा" म्हणायची सोय नाही, म्हणाला तर तिथंच मार. मग उस्ताद निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल घेऊन बसायचे आणि कपाळावरचं भोक बुजवायचे. दिवसात अशी वीस-वीस कपाळं. एकदा वैतागून म्हणाले, "पोट्टे, मैं फोटोग्राफर नईं, कपाळ का गिलावा करनेवाला मिस्त्री हूं."

आता मोजायचं. त्या कॅमेऱ्याला बटण-बिटण नव्हतं. पितळी नळकांड्यावर टोपण. टोपण काढायचं, मोजायचं, टोपण लावायचं. उन्हात कमी, सावलीत जास्त. घड्याळ उस्तादांकडं होतं, पण ते हैदराबादहून निघतानाच बंद पडलेलं असावं. ते मोजायचे उदोवर. "आई राजा उदो उदो" हे एकदा, ना घाईनं ना रेंगाळून म्हटलं, की एक माप. देवळाबाहेरच्या उन्हात काढायचा तर निम्मा उदो, मांडवाच्या सावलीत दोन, खोलीत खिडकीशी पाच. दिवसभर तीच आरोळी कानावर पडायची, त्यामुळं तिची चाल कधी चुकायची नाही. पाच वेळा नमाज पढणारा माणूस तुळजाभवानीच्या उदोवर सगळ्या महाराष्ट्राचे फोटो काढायचा, आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण तो मनात म्हणायचा.

मलाही तेच शिकवलं. "दिल में बोलना. मुंह सें नक्को."

मी का म्हणून विचारलं नाही. माझं मी ठरवून टाकलं, की मुसलमान माणूस, तोंडानं देवीचा उदो कसा म्हणेल? घरच्यांची, मशिदीतल्यांची भीती असेल. म्हणून मनात. बिचारे! असं मी ठरवलं, आणि त्यांच्याबद्दल मला थोडी दयाही आली. अडाणी माणसाला दया लई लवकर येते.

याच सुमारास बायकोनं ते काम सांगितलं.

ती भूम तालुक्यातल्या ईटची. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि माहेरी गेली होती एकदाच. आमच्या घरात तिला सोडायला कुणाला सवड नव्हती. नवरात्र आलं, कोजागरी आली, चैती पौर्णिमा आली, मधले सगळे मंगळवार-शुक्रवार आले. माझी आई म्हणायची, "ही गेली तर कुंकवाच्या पुड्या कोण बांधंल?" पुड्या बांधण्यात ती खरंच हुशार होती. तीच तिची चूक झाली.

एके दिवशी दुपारी पुड्या बांधता बांधता म्हणाली, "अवं, मला आईचं तोंड दिसंना झालंय."

"म्हणजे?"

"डोळं मिटलं की पैलं दिसायचं. आता नुसतं लुगडं दिसतंय. वर तोंडच न्हाय."

मी हसलो. तिनं पुडीचा दोरा दातानं तोडला.

"हसायला काय झालं? आठ म्हैनं झालं, घरी येऊन उजेड पाजतो, जागं करतो, बसिवतो म्हणून कान किटवून टाकल्यात माझं. मग माझ्या आईला बसवा की एकदा कागदावर. तिला दमा हाय. निरोप येत्यात, वाईट येत्यात. मला कोण धाडंना, तर तिचं तोंड तरी आणा."

तोंड आणा, एवढंच तिचं मागणं. साडी मागितली नाही, पाटल्या मागितल्या नाहीत.

मी उस्तादांकडं जुना कॅमेरा मागितला.  त्यांनी कोपऱ्यातला पेटीचा कॅमेरा, तिवई, काळं फडकं आणि एक चपटी लाकडी पेटी दिली. तिच्या दोन्ही बाजूंनी एक एक काच बसवलेली. "दो कांच," म्हणाले. "एक बिगाड़ने कू, एक बचाने कू. ढक्कन खींचना नक्को भूल." काचेवर पातळ फळीचं झाकण असतं, ते ओढल्याशिवाय उजेड आत जात नाही. हे मला झोपेतही पाठ होतं. जागेपणी काय झालं ते पुढं येईलच.

भूमपर्यंत मोटार आणि पुढं बैलगाडी. कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडीवान दोनदा म्हणाला, "पाव्हणं, पेटीत काय नाग हाय का?" मी गप्प. फोटोग्राफरनं कमी बोलावं, असं मला वाटायला लागलं होतं.

सासूबाई आराधीण होत्या. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागायच्या, कपाळभर मळवट. ओसरीवर बसल्या होत्या, दम लागलेला, पण तोंड चालू. तिवई बघितली आणि चेहराच उतरला.

"जावईबापू, आज काय मला पोचवायला आला?"

त्या गावात फोटोची पेटी याआधी दोनदाच आलेली, दोन्ही वेळा मेलेल्या माणसासाठी. मेलेल्याला भिंतीला टेकवून बसवायचं, फेटा बांधायचा, फोटो काढायचा. त्या भागात पुष्कळ घरी तसाच एकुलता फोटो असायचा. जिवंतपणी कोण काढणार? कामं असतात.

"आमच्यात ही पेटी आली की मागनं तिरडी येती," त्या म्हणाल्या. "मी अजून बसलीय, खातीय. घेऊन जावा ती."

सासरे आतून म्हणाले, "अगं, जावई हाय, लांबनं आल्यात."

"म्हणूनच म्हणती, लांबनं आल्यात तर भाकर खाऊन जावा. मारायला कशाला लांबनं यावं लागतंय?"

मी मग सरळ सांगितलं. "मामी, तुमच्या लेकीनं मागितलाय. तिला तुमचं तोंड दिसंना झालंय."

 दम्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"इसरली?"

"व्हय," मी म्हणालो. आत्ता म्हणालो नसतो. तेव्हा मला बोलायची अक्कल कमी होती, आता बोलायला माणूस नाही.

त्या उठल्या, धरून धरून आत गेल्या, तोंड धुतलं, हिरवं लुगडं नेसल्या आणि ताजा मळवट भरून आल्या. माझी आठ महिन्यांची विद्या लगेच जागी झाली. "मामी, कुंकू जरा कमी लावा. फोटोत काळं येतं."

"माझं कुंकू काळं येतं?" त्यांनी पेटीकडं बोट दाखवलं. "मग ही आंधळी हाय. तिला दावा कुणाला तरी."

अंगणात लिंबाखाली त्यांना बाजेवर बसवलं. मागं म्हैस बांधलेली होती. म्हैस हलवा असं मी म्हणालो नाही, कारण माझ्या डोक्यात ते आलंच नाही. निम्मं गाव गोळा झालेलं. मी फडक्यात डोकं घातलं. आतल्या काचेवर सगळं उलटं दिसतं, माणसं डोक्यावर. माझं अख्खं सासर पाय वर करून लोंबत होतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. फडक्याबाहेर आलो, टोपण लावलं, काचांची चपटी पेटी चढवली, झाकण ओढलं. लिंबाची सावली, चार उदो, मी मनात हिशेब केला. सासूबाई दगडासारख्या बसल्या होत्या. लेकीला तोंड पाठवायचं होतं ना. दम लागत होता तोही गिळून बसल्या होत्या.

मी टोपण काढलं. आणि मला वाटलं, उस्तादांची अडचण आपल्याला कुठं आहे? आपण हिंदू. आपल्या देवीचा उदो आपण चोरून का म्हणायचा? गाव बघतंय, सासर बघतंय. खणखणीत आवाजात मी पहिलं माप टाकलं:

"आई राजाऽऽ"

"उदो उदोऽऽ!" अख्खं अंगण गरजलं.

गरजणारच. आमच्याकडं "आई राजा" ऐकून गप्प बसणारा माणूस मेलेला तरी असतो, नाहीतर परमुलखातला. सासूबाईंचे दोन्ही हात वर गेले, मान मागं गेली, कवड्या वाजल्या. आणि नुसतं तेवढ्यावर थांबलं नाही. त्या घुमायला लागल्या. अंगात आलं.

मी टोपण हातात घेऊन उभा. लावायचं भान फार उशिरा आलं. किती उदो झाले ते देवीलाच ठाऊक, कारण ते गाव म्हणत होतं, मी नाही.

शुद्धीवर असताना मला "जावईबापू" म्हणणारी बाई आता एकदम अरेतुरेवर आली. "कोण हाय रं तू?"

"मी... जावई, आई."

"जावई? माझ्या लेकराला नांदवायला नेलंस का पुड्या बांधायला?"

गाव हसलं. देवी सगळं जाणते हे खरं. आणि तुळजापूरला येणारे ईटचे लोक आमच्या दुकानात कुंकू घ्यायचे हेही खरं.

"दसऱ्याच्या आत लेक घरी धाड. धाडशील का न्हाय?"

मी मान हलवली.

"मान नगं हलवू. तोंडानं बोल!"

मागनं सासरे हळूच म्हणाले, "म्हणा, जावईबापू. म्हणून टाका."

"धाडतो, आई," मी म्हणालो.

हळद-पाणी लावलं, त्या हळूहळू शांत झाल्या, पाणी प्यायल्या. पदर सारखा करून, डोळे बारीक करून मला विचारतात, "काय म्हणाली आई? मला काय बी आठवत न्हाय बगा. जावईबापू, दमला असाल, च्या घ्या."

घाईघाईनं मी चपटी पेटी उलटी करून दुसरी काच वापरली. या वेळी मनात मोजलं, कुणी हललं नाही, सगळं कसं नीट. फक्त झाकण ओढलं नाही. ती काच कोरी निघाली.

तुळजापुरात लाल कंदिलापुढं पहिली काच जागी व्हायला लागली तेव्हा उस्ताद माझ्या खांद्यावरनं बघत होते. अंगण आलं, बाज आली, लिंबाचं खोड आलं. म्हैस अशी आली की तिच्या पापण्या मोजाव्यात. बाजेवर छातीपर्यंत लुगडं आणि वर नुसता धूर. धुराला चार हात. मधे एक उघडं तोंड आणि मळवटाचा कागदावर काळा येणारा ओघळ, या कानापासून त्या कानापर्यंत.

उस्ताद आणखी खाली वाकले. मग म्हणाले, "भैंस अच्छी आई."

नंतर विचारलं, "मुंह सें बोल्या?"

"हौ."

"कैकू?"

मी माझी समजूत सांगितली. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "अरे पागल, मैं डरता करके दिल में बोल्ता? सुने तो सब हात उठाते जी! पहले साल मेरे सत्रा कांच गए." मग त्यांनी पान तोंडात टाकलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आठ महिने त्यांना घाबरट समजून मी दया करत होतो, याचा राग असावा. काचांचा नव्हता.

बायकोनं फोटो हातात घेतला, उजेडाला नेला, फिरवून बघितला.

"म्हस वळखू आली," ती म्हणाली. "आई कुठं हाय?"

मी औषधांचं, उजेडाचं, सावलीचं सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. "तोंड आणा म्हणलं व्हतं," एवढंच म्हणाली आणि फोटो ट्रंकेत टाकला.

मी देवीला दिलेल्या शब्दाचं घरात काढलं. माझी आई म्हणाली, "आता फोटू आणला न्हवं? मग आता कशाला जायाचं? नवरात्र तोंडावर आलंय." वडील म्हणाले, कोजागरी झाली की बघू. आणि मी? मी काय म्हणालो ते लिहितो, कारण लिहायला बसलोच आहे. मी म्हणालो, "बघू." देवीला दिलेला शब्द मी देवीच्याच यात्रेच्या गर्दीत बुडवला. त्या नवरात्रात बायकोनं नेहमीपेक्षा जास्त पुड्या बांधल्या. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कोजागरीनंतर ईटहून माणूस आला. म्हातारी खालावली, या. निघताना बायको म्हणाली, "पेटी घ्या. या खेपेला ध्यान देऊन काढा." तिला वाटत होतं, अजून वेळ आहे. मलाही वाटत होतं. मी उस्तादांकडनं चार काचा घेतल्या आणि वाटभर मनातल्या मनात मोजत होतो.

आम्ही पोचलो त्याच्या दोन तास आधी, उजाडताना, त्या गेल्या होत्या. लेकीसाठी ठेवलं होतं. बायको जाऊन पायाशी बसली. रडली ती नंतर, आधी ती नुसती तोंडाकडं बघत राहिली, उपाशी माणूस बघतो तसं.

सासरे माझ्याकडं आले. "जावईबापू, पेटी आणलीय न्हवं? मग काढा." त्यांनी चौघांना बोलावून सासूबाईंना भिंतीशी खुर्चीत बसवलं, कमरेला लुगड्यातनं दोरी, मानेला मागनं आधार. सवाष्ण गेलेल्या, हिरवं लुगडं, ताजा मळवट. बायकोला कुणी म्हणालं, तू शेजारी उभी रहा. ती उठून गोठ्याकडं निघून गेली.

मी फडक्यात डोकं घातलं. झाकण ओढलं. टोपण काढलं. मनात मोजलं, ओठ मिटून, चार. टोपण लावलं. एकही चूक झाली नाही. जिवंत माणसाचा नीट फोटो मला तोवर एकही आला नव्हता आणि मेलेल्याचा पहिल्याच फटक्यात आला. यात माझं कसब किती आणि त्यांचं किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

उस्तादांनी ती काच उजेडाला धरली. सुरकुत्या, कवडीवरची रेघ, पापणीचा केस, सगळं. कपाळावर पेन्सिल फिरवली तीही स्वतः. "आज तू फोटोग्राफर हुआ," म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती एकुलती शाबासकी.

कागद आणि काच दोन्ही घेऊन मी घरी गेलो. काच अशासाठी, की पुढं पोरांना, नातवंडांना हव्या तेवढ्या प्रती काढता येतील. बायकोपुढं ठेवलं. आता तरी ही "तोंड आणलं" म्हणेल असं वाटलं.

तिनं बघितलं. "ही कोण?"

"कोण म्हणजे? तुझी आई."

"आई एवढी गप कवा बसली व्हती?" तिनं फोटो उलटा ठेवला. मग उठली, चुलीवर पाणी ठेवलं. मला वाटलं चहा करतेय. पाणी कढल्यावर तिनं ते परातीत ओतलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि काच त्यात बुडवली.

वाया गेलेल्या काचा आम्ही दुकानात अशाच धुवायचो. गरम पाण्यात वरचा थर फुगून सुटतो आणि खाली साधी स्वच्छ काच उरते, ती चौकटींना कामाला येते. माझ्या हातानं धुतलेल्या कितीतरी काचा तिनं अंगणात वाळताना बघितल्या होत्या.

मी ओरडलो. "अगं, माझ्या जन्मातली एवढी एकच चांगली आलीय!"

"काच चांगली हाय," ती म्हणाली आणि अंगठ्यानं घासायला लागली. सासूबाई पाण्यात कातडीसारख्या सुटून आल्या, तरंगल्या, विरघळल्या. मी परातीत हात घालू शकलो असतो. घातला नाही.

काच पुसून तिनं ट्रंकेतला तो धुराचा फोटो काढला आणि काच वर ठेवली. बरोब्बर बसली. बसणारच, तेव्हा काच जेवढी तेवढाच फोटो निघायचा. चार बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या मी ठोकून दिल्या. ते एक काम मला नीट जमलं. भिंतीवर लावून ती मागं सरली आणि त्या चार हातांच्या, उघड्या तोंडाच्या, काळ्या ओघळाच्या धुराकडं बघून म्हणाली, "हां. तुमास्नी शिव्या देतीय बगा." आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

पुढं मी स्वतःचं दुकान टाकलं, पेटी जाऊन फिल्मचा कॅमेरा आला, उदो गेला. बायकोचे फोटो मी पुष्कळ काढले. सणाला, बारशाला, पोरांच्या लग्नात. दर वेळी म्हणायचो, हलू नको, हसू नको, श्वास धर. ती धरायची. कधी मधेच काही बोलली, हात उडवला, तर तो फोटो बिघडला म्हणून मी फेकून द्यायचो. धंदेवाला माणूस मी, घरात वाईट फोटो ठेवणार होय?

ती गेली तेव्हा मोठा करून लावायला पोरांनी तिचे सगळे फोटो पलंगावर मांडले. बावीस निघाले. सगळे स्वच्छ, सगळे ताठ, एकही हललेला नाही. पोरं म्हणाली, "आबा, यातला आईचा कुठला घ्यायचा?"

मी दोनदा सगळ्यांवरनं नजर फिरवली. म्हणालो, "कुठला बी घ्या."